स्टेडियम नवे झाले. पण चालतो कोण?

जानेवारी 2024 मध्ये सोलापूरच्या इंदिरा गांधी स्टेडियमवर, म्हणजे आपल्या पार्क मैदानावर, महाराष्ट्र आणि मणिपूर यांचा रणजी सामना झाला. स्मार्ट सिटी योजनेतून नूतनीकरण झालेल्या या मैदानाचे शहराला कौतुक आहे, आणि ते योग्यच आहे. पण सामना पाहून प्रेक्षकाची रक्तातली साखर कमी होत नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 2022 मध्ये भारतातील जवळपास निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल अपुरी होती. 2000 मध्ये हे प्रमाण सुमारे 22 टक्के होते. पुरुषांत ते आता 42 टक्के, तर स्त्रियांत 57 टक्के आहे. दुसरीकडे, आयसीएमआरच्या 2023 मधील अहवालानुसार देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. हे दोन आकडे एकत्रच वाचायला हवेत.

‘डॉक्टर, दिवसभर राबतो, मग वेगळा व्यायाम कशाला?’ हा प्रश्न सोलापुरात हमखास येतो आणि तो चुकीचा नाही. यंत्रमागावर पाळीभर उभे राहणारा कामगार थकतोच. पण तासन् तास उभे राहणे, ओझे उचलणे, विश्रांती न मिळणे यांमुळे हृदयाची गती व रक्तदाब बराच वेळ चढे राहतात. मोकळ्या वेळेतल्या व्यायामाने जो फायदा होतो, तो अशा कष्टाच्या कामातून तितकासा मिळत नाही, असे काही मोठ्या अभ्यासांत दिसले आहे. घरी बसून विड्या वळणाऱ्या बायकांचे तर उलटेच. हात दिवसभर चालतात, पण मांड्या आणि पोटऱ्यांचे मोठे स्नायू तसेच पडून राहतात. साखर वापरतात ते मुख्यतः हेच स्नायू. चालताना ते आकुंचन पावतात आणि इन्सुलिनची फारशी मदत न घेताही रक्तातली साखर ओढून घेतात. म्हणून जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चाललात, तरी जेवणानंतरची साखर कमी चढते.

हा परिणाम मात्र साधारण एक ते तीन दिवसच टिकतो. आषाढी वारीत शेकडो किलोमीटर चालून आलेल्या माणसाने नंतर वर्षभर बसून राहिले, तर वारीची ही कमाई काही आठवड्यांत ओसरते. (श्रद्धेचा हिशेब वेगळा, तो डॉक्टरांनी करू नये.) मधुमेह असलेल्यांनी सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा करू नये, असे सांगतात ते यामुळेच.

किती चालायचे? आठवड्याला किमान 150 मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, असा वेग हवा. अर्धा तास तुकड्यांत झाला तरी चालतो. चेन्नईत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर झालेल्या आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहार आणि चालण्यातील बदलामुळे मधुमेह होण्याचा धोका सुमारे 28 टक्क्यांनी घटला. एवढ्यासाठी स्टेडियम लागत नाही. लागतो तो मोकळा फुटपाथ, दिवे आणि बाईला एकटीने फिरता येईल असा रस्ता. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने मला स्टेडियमच्या खुर्च्यांपेक्षा या गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात. स्त्रियांमधले 57 टक्के हा केवळ आळसाचा आकडा नव्हे. घरच्यांनी संध्याकाळचा स्वयंपाक अर्धा तास सांभाळला, तर तो बदलू शकतो.

सोलापूरच्या उन्हाचाही विचार करा. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो, तेव्हा सकाळी सातच्या आत किंवा सूर्य मावळल्यावरच चाला. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर खिशात साखर ठेवा. घाम, थरथर, चक्कर जाणवली की ती लगेच खा. चालताना छातीत दाब आला तर थांबा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. थांबूनही दाब कमी झाला नाही, तर सरळ रुग्णालय गाठा. पायांना मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर अनवाणी चालू नका, आणि रोज रात्री तळपाय घरच्या कुणाकडून तपासून घ्या.