कानात बोळे आणि माग मोकळा

इचलकरंजीच्या कोणत्याही यंत्रमाग शेडमध्ये शिरा. तेथे संभाषण हातवाऱ्यांनी व ओठांच्या हालचालींनी चालते. लँकेशायरच्या गिरण्यांतील विणकरणींनीही याच कारणाने ओठांची एक भाषा घडविली होती. धोट्याच्या मागांचा आवाज नव्वद डेसिबलची मर्यादा सहज ओलांडतो. त्यावर उपाय म्हणून कानात घालावयाचे बोळे वाटले जातात, आणि कामगार ते काढून ठेवतात म्हणून त्याच्या अडाणीपणाला दोष दिला जातो. आपले काही कार्यकर्तेही त्यात सूर मिसळतात, हे खेदाचे आहे.

हा अडाणीपणा नव्हे. सहा-आठ माग सांभाळणाऱ्या विणकराला बिघाड पुष्कळदा आधी ठोक्यातील फरकावरून कळतो. त्याची मजुरी विणलेल्या मीटरवर. माग बंद पडला की ती बुडते. तरुण, शाबूत कानांना बोळ्यांमुळे बोलणे समजण्यात फारशी अडचण येत नाही, हे मान्य केले पाहिजे. गोंगाट आणि बोलणे दोन्ही सारखेच दबते. परंतु बोळे घातलेल्याला स्वतःचाच आवाज मोठा भासतो, म्हणून तो नकळत हळू बोलतो. शिवाय वीस वर्षे मागावर काढून ज्याचे कान अधू झाले, त्याचे उरलेसुरले ऐकणेही बोळा हिरावून घेतो. सावधगिरीची हाक त्याच्यापर्यंत पोचत नाही. मग तो बोळा काढतो. आणि तीस डेसिबल अडविणारा बोळा आठ तासांत केवळ अर्धा तास काढला, तरी प्रत्यक्ष संरक्षण बारा डेसिबलच्या आसपास उतरते.

उत्पादनाचा जो खर्च मालक दुसऱ्याच्या अंगावर ढकलतो, त्याची मीमांसा कार्ल विल्यम काप यांनी १९५० मध्ये केली. येथे तो खर्च कामगाराच्या कानावर ढकलला जातो. झिजलेले भाग बदलणे, मागांत अंतर ठेवणे, छताला आवाज शोषणारे अस्तर लावणे, पाळीत विश्रांती देणे, हे सारे मालकाच्या खिशातून जाते. बोळा मात्र काही रुपयांत मिळतो! बहिरेपण कारखाना कायद्यातील व्यवसायजन्य रोगांच्या यादीत होते खरे, पण विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी त्या १९४८ च्या कायद्यात दहा कामगारांची अट होती. २०२० च्या संहितेने ती वीसवर नेली. छोट्या शेडमधला विणकर त्या उंबरठ्याबाहेरच राहतो.

मजुरीवाढीच्या वाटाघाटींत आवाजाची मोजणी, दरवर्षी कानांची तपासणी आणि तिचा कागद कामगाराच्या हाती, ही तीन कलमे घालण्यास आपल्या संघटनांना कोणी अडविले आहे?