भाऊबीजेला मुराळी हवा

दीपावलीच्या सणमालिकेत भाऊबीज अखेरीस येते. परंतु माहेरवाशिणीच्या मनात तिची चाहूल वसुबारसेलाच लागलेली असते. कार्तिक शुद्ध द्वितीयेला यमद्वितीया असेही नाव आहे. या तिथीस यम आपली बहीण यमुना हिच्या घरी गेला, तिने त्याला ओवाळून जेवू घातले आणि संतुष्ट होऊन त्याने तिला वर दिला, ही कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. या कथेतील दोन गोष्टींकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही. यम आणि यमी ही वैदिक परंपरेत जुळी भावंडे आहेत, ही पहिली. आणि भाऊबीजेचा प्रवास भावाने केला, बहीण आपल्या घरीच होती, ही दुसरी.

या दोन्ही गोष्टींचे स्मरण मला झाले ते माझ्याच हातून घडलेल्या एका चुकीमुळे. ती येथे सांगतो.

आमचे घर पिंगळीस. परभणीहून पूर्णेकडे निघाले की लागणारे पहिले स्टेशन ते हेच. लांबून येणाऱ्या पाहुण्याने परभणी जंक्शनवर उतरावे आणि उरलेले अंतर पॅसेंजरने वा रस्त्याने कापावे, असा येथील रिवाज. धाकटी बहीण पुण्यास असते. तीन वर्षांपूर्वी तिची जुळी, एक मुलगा व एक मुलगी, दीड वर्षाची होती. आईला नातवंडे पाहावयाची होती, काकू-आत्यांना पाहावयाची होती, भावकीतील प्रत्येक घरास पाहावयाची होती. मी फोनवर आग्रह केला, “भाऊबीजेला तू यायलाच हवे.” मेहुण्यांना सुटी मिळाली नाही. इकडे कापसाची वेचणी सुरू होती, मजूर मिळत नव्हते. म्हणून मीही गेलो नाही. ती रात्रीच्या गाडीने दोन लेकरे घेऊन एकटीच निघाली.

पहाटे परभणीस गाडी थांबली. दोन मुले आणि दोन पिशव्या एकदम उतरविणे एका माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. आधी कोणाला उतरवावे आणि कोणाला डब्यात ठेवावे, हा प्रश्न तिच्यापुढे उभा राहिला. अखेर मुलीला शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्या बाईच्या हाती देऊन ती मुलाला घेऊन खाली उतरली. मग त्या बाईने दारातून मुलगी तिच्या हाती दिली. सारे सुखरूप पार पडले. मी तेव्हा पिंगळीच्या ओसरीवर तिची वाट पाहत, आकाशकंदील सरळ करीत उभा होतो. दुपारी ती एवढेच म्हणाली, “दादा, तेवढ्यात गाडी हलली असती तर?” यावर मजपाशी उत्तर नव्हते. अद्यापही नाही.

आपल्या प्रवासाच्या साऱ्या व्यवस्था एका आईमागे एकच तान्हे मूल गृहीत धरतात. रेल्वेत पाच वर्षांखालील मुलास तिकीट लागत नाही. पण वेगळे भाडे भरल्याविना त्यास जागाही मिळत नाही. परिणामी जुळ्यांच्या आईस एका बर्थवर तीन जीव निजवावे लागतात. २०२२ च्या मे महिन्यात रेल्वेने लखनौ मेलमध्ये खालच्या बर्थला जोडून बाळासाठी छोटी शय्या लावून पाहिली. तीही एकाच बाळापुरती होती. विमानात तर एका प्रौढाच्या मांडीवर एकच तान्हे बाळ नेता येते. जुळ्यांसोबत दुसरा मोठा माणूस हवा, असाच त्या नियमाचा अर्थ. मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना अर्धे तिकीट आहे, ही सोय मोलाची खरी. परंतु येथे अडचण भाड्याची नाही, हातांची आहे. आणि ते दोन जादा हात कोणत्याही खिडकीवर विकत मिळत नाहीत.

ज्येष्ठ मंडळी यावर म्हणतील, “आमच्या वेळी बायका चार-चार पोरे घेऊन माहेरी येत; त्यांचे काही अडले नाही.” हे खरे आहे; पण अर्धेच. त्या एकट्या येत नसत. माहेरचे मूळ जाई. भाऊ, चुलता वा घरचा जाणता गडी बैलगाडी जुंपून सासरी जाई, मुक्काम करी आणि लेकीला, लेकरांना घेऊन परते. त्यालाच आपण मुराळी म्हणत असू. सणाचे निमंत्रण आणि मुराळी ही एकाच विधीची दोन अंगे होती. आगगाडी, मोटार आणि टेलिफोन आल्यावर आपण निमंत्रण तेवढे ठेवले आणि मुराळी गाळला. वाट सोपी झाली, असे आपण मानले. ती कोणासाठी सोपी झाली, हे पाहिले नाही.

पुराणांतही या दुःखाची एक खूण आहे. यम-यमुनेची आई संज्ञा सूर्याचे तेज सोसवेना म्हणून मुलांना छायेपाशी ठेवून माहेरी गेली. पित्याने काही काळ तिला ठेवून घेतले आणि मग, माहेरी फार दिवस राहणे बरे नव्हे, असे सांगून परत धाडले, असे मार्कंडेय पुराण सांगते. पुढे अश्विनीकुमार हे दुसरे जुळेही तिच्याच पोटी आले. जुळ्यांच्या या आदिमातेला माहेरी उपदेश मिळाला. विसावा मिळाला, असे म्हणवत नाही. आपल्या घरीही बहुधा असेच घडते. आमच्याकडे ती पोहोचताच सारी घरे भेटीस बोलावू लागली. एकाने मुलाला प्रथम उचलले आणि मुलगी पाहत राहिली. दुसऱ्याने कोण गोरे, कोण अशक्त, याचा निवाडा दिला. सायंकाळपर्यंत दोन्ही मुले किरकिरी झाली आणि त्यांना घेऊन आई उपाशी बसली होती.

त्या दिवाळीनंतर आम्ही घरात तीन गोष्टी ठरविल्या. लहान मुलांच्या आईला बोलवावयाचे, तर घरातील एकाने तिला घेऊन यावयाचे व पोहोचवावयाचे. ते जमत नसेल, तर भावानेच यमाप्रमाणे बहिणीच्या घरी ओवाळून घ्यावयास जावयाचे. ती आली, तर तिने घरोघर फिरावयाचे नाही. भावकीने एका ओसरीवर यावयाचे. आणि एक मूल उचलले की त्याच क्षणी दुसऱ्यासाठी दुसरी मांडी तयार हवी; तुलनेचा शब्द काढावयाचा नाही. मेहुण्यांनाही मी हे सांगितले आहे. कारण सुटी नसणे हे जसे त्यांचे कारण होते, तशी वेचणी हे माझे होते, आणि दोन्ही कारणांचा भार एकाच स्त्रीने वाहिला.

त्या पुढच्या वर्षी मी पुण्यास गेलो. येताना भाची माझ्या मांडीवर निजली, भाचा आईच्या. दोन दिवसांची वेचणी बुडाली. कापूस शेतात होता, तो नंतर वेचला गेला. परभणीस उतरताना मी पुढे, बहीण मागे, दोघांच्याही कडेवर एकेक मूल. “आधी कोण” हा प्रश्न या वेळी कोणालाच पडला नाही.

उद्या ओवाळणीच्या तबकात आपण यथाशक्ती काही घालू. परंतु ज्या बहिणीच्या पदरी लहान लेकरे आहेत, तिला पाकिटापेक्षा आपला एक दिवस आणि दोन हात अधिक उपयोगी पडतील. यमाला बहिणीकडे जावयास सवड मिळाली. त्याच्याहून अधिक कामाचा व्याप आपणांपैकी कोणास असेल, असे वाटत नाही.