अवचित तपासणी आणि रोजची तयारी

खाद्यपदार्थांच्या कारखान्यात तपासनीस येणार असल्याची वार्ता आगाऊ लागली की काय घडते, हे तेथे राबणाऱ्या कोणत्याही कामगाराला विचारावे. भिंतींना चुना लागतो, मोऱ्या घासल्या जातात, कपाटात कुलूपबंद असलेल्या टोप्या व हातमोजे बाहेर निघतात आणि महिनाभर कोऱ्या राहिलेल्या नोंदवह्या एका रात्रीत, एकाच शाईने भरल्या जातात. तपासनीसाची पाठ फिरली की टोप्या पुन्हा कपाटात! हा देखावा मोडावा म्हणून पूर्वसूचनेविना तपासणीची पद्धत पुढे आली. निर्यातीसाठी मान्य कराव्या लागणाऱ्या काही आंतरराष्ट्रीय मानकांनी तर तीन वर्षांतून किमान एक तपासणी अवचित व्हावी, असे बंधनच घातले आहे. साहजिकच मालकवर्ग आता विचारू लागला आहे की, अशा तपासणीची तयारी करावी तरी कशी? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र मालकांच्या दालनात नसून यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या स्थितीत आहे.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात ब्लेकली येथे ‘पीनट कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका’ ह्या कंपनीचा शेंगदाण्यावर प्रक्रिया करणारा कारखाना होता. २००८ साली एका खाजगी संस्थेने तपासणी करून त्याला उत्तम श्रेणी बहाल केली. तपासणीचा दिवस कंपनीला आधी ठाऊक होता आणि तपासणीचे पैसेही कंपनीच मोजत होती. त्याच कारखान्याच्या मालातून साल्मोनेला जंतूंचा फैलाव होऊन २००८-०९ मध्ये सातशेहून अधिक लोक आजारी पडले व नऊ जण दगावले. चाचणीत दोष आढळलेला मालही कंपनीने बाजारात धाडला होता, हे पुढे उघड झाले. कंपनीचे प्रमुख स्ट्युअर्ट पार्नेल ह्यांना २०१५ साली २८ वर्षांची शिक्षा झाली. ज्याची झडती घ्यायची त्याच्याच खिशातून झडतीची बिदागी निघत असेल, तर निकाल काय लागणार हे सांगावयास ज्योतिषी नको.

दुसरे उदाहरण अधिक विदारक आहे. ३ सप्टेंबर १९९१ रोजी नॉर्थ कॅरोलायनातील हॅम्लेट गावी कोंबडीच्या मांसावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यास आग लागली आणि दारे बाहेरून बंद असल्यामुळे २५ कामगार प्राणास मुकले. त्या कारखान्यात मांस तपासणारा सरकारी निरीक्षक नित्य येत असे. परंतु कामगारांच्या सुरक्षिततेची पाहणी करण्यास अकरा वर्षांत कोणीही फिरकले नव्हते. मालाची काळजी वाहणारी आणि माणसाला वाऱ्यावर सोडणारी तपासणी अखेर कोणाचेच रक्षण करीत नाही.

आपल्याकडे कायद्याची उणीव नाही. पूर्वसूचना न देता, दिवसा वा रात्री कोणत्याही वेळी कारखान्यात प्रवेश करण्याचा निरीक्षकाचा अधिकार मान्य करणारा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा ८१ क्रमांकाचा करार भारताने १९४९ सालीच स्वीकारला. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने अन्नसुरक्षा अधिकाऱ्यास कारखान्यात शिरून पाहणी करण्याचे व नमुने घेण्याचे अधिकार दिले आहेत. पण २०१८ च्या नियमांनी खाजगी लेखापरीक्षण संस्थांना दार उघडले, आणि २०२० च्या श्रमसंहितेने निरीक्षकाच्या नावापुढे ‘सुविधाकार’ हे बिरूद जोडले. निरीक्षकाने मालकाची सोय पाहावी की कामगाराची व ग्राहकाची, हा प्रश्न ह्या नव्या नावातच दडलेला आहे.

अवचित तपासणी म्हणजे हप्तेबाजीला नवे कुरण, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. पापड लाटणाऱ्या बायकांचा गट असल्या जाचाने मेटाकुटीला येतो, आणि बडा कारखानदार मात्र सहीसलामत सुटतो. परंतु ह्यावरचा उपाय तपासणी बंद करणे हा नव्हे, तर ती उजेडात आणणे हा आहे. पाहणीच्या वेळी कामगारांचा प्रतिनिधी सोबत असावा, अहवाल मराठीत फलकावर लागावा आणि तक्रार करणाऱ्याचे नाव गुप्त राहावे.

आणि तयारी? ज्या कामगाराला जुलाब लागले असता भरपगारी रजा मिळत नाही, तो आजार लपवून कामावर येणारच. पाळीचे उद्दिष्ट गाठण्यासाठी यंत्र धुण्याची अर्धी घटका कापली जात असेल, तर जंतूंना आमंत्रण देणारा मुकादम नव्हे, ते उद्दिष्ट ठरविणारा होय. उद्या काढून टाकले जाण्याची धास्ती असलेली कंत्राटी स्त्री शीतगृहाचे तापमान चढल्याचे कोणत्या बळावर सांगणार? साबण व पाणी, घटना घडताक्षणी केलेली नोंद, वेळेवर होणारी वैद्यकीय तपासणी, दूषित माल दिसताच काम थांबविण्याचा हक्क आणि नोकरीची शाश्वती, हीच खरी तयारी होय.

म्हणून अन्नप्रक्रिया उद्योगात संघटना बांधणाऱ्या कार्यकर्त्यांनी ह्या मागण्या केवळ कामगारहिताच्या म्हणून न मांडता ग्राहकांच्या दारीही न्याव्यात. कामगार ज्या पोळीचे पीठ मळतो ती पोळी कुणाच्या तरी मुलाच्या ताटात पडते. जेथे कामगार निर्भय आहे, तेथे तपासनीस मध्यरात्री आला तरी कोणाची धावपळ होत नाही. आणि जेथे तो भयभीत आहे, तेथे रोज तपासणी झाली तरी ताटातले अन्न सुरक्षित म्हणता येणार नाही.