पाहुण्यांना तिकीट, कार्यकर्त्याला सतरंजी

माढा लोकसभा मतदारसंघात पक्ष बदलणे हे कोणी पाप समजत नाही. २०१४ साली विजयसिंह मोहिते पाटील राष्ट्रवादीचे खासदार झाले. मार्च २०१९ मध्ये त्यांचे चिरंजीव रणजितसिंह भाजपमध्ये गेले. त्याच सुमारास सातारा जिल्हा काँग्रेसचे अध्यक्षपद भूषवलेले रणजितसिंह नाईक निंबाळकरही भाजपवासी झाले आणि माढ्यातून खासदार झाले. २०२४ ला भाजपने निंबाळकरांनाच पुन्हा उभे केले. मग धैर्यशील मोहिते पाटील यांनी भाजप सोडला, शरद पवारांच्या पक्षात प्रवेश केला आणि १ लाख २० हजारांवर मताधिक्याने ते निवडून आले. रणजितसिंह मात्र भाजपचे विधान परिषद सदस्यच राहिले. एकाच घराण्यात भाजपची आमदारकी आणि राष्ट्रवादीची खासदारकी! विचारधारा हा शब्द या मंडळींनी बहुधा फक्त आमच्यासाठी राखून ठेवला आहे.

तो प्रस्थापितांचा घरचा मामला. आम्हाला बोलायचे आहे ते आमच्या घराबद्दल.

याच निवडणुकीत वंचित बहुजन आघाडीने माढ्यातून रमेश बारसकर यांना उमेदवारी दिली. मोहोळचे हे माजी नगराध्यक्ष शरद पवार गटातून आले होते. २०१९ ला याच मतदारसंघात वंचितचे विजय मोरे यांना ५१ हजारांवर मते पडली होती. बारसकरांना पडली २० हजारांच्या आसपास. याचा सगळा दोष बारसकरांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. संविधान धोक्यात आहे या भावनेने आमच्याच वस्त्यांतील मते त्या वर्षी महाविकास आघाडीकडे वळली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. पण मोठ्या पक्षातला माणूस आला म्हणजे मते येतात, हा जो समज आपल्याकडे रुजला आहे, तो माढ्यात साफ खोटा ठरला.

कारण सोपे आहे. मोहिते पाटील पक्ष बदलतात तेव्हा त्यांच्याबरोबर साखर कारखाना, शिक्षण संस्था आणि गावोगावचे पुढारी असा सगळा लवाजमा चालतो. आमच्याकडे येणारा बहुतेक वेळा एकटाच येतो. तिकीट आमचे, झेंडा आमचा, रात्रभर पोस्टर चिकटवणारी पोरेही आमचीच.

मग दारे बंद करायची का? मुळीच नाही. धनगर, माळी, भटके, मुस्लिम यांना सोबत घेतल्याशिवाय वंचितांचे राजकारण उभेच राहत नाही. २०१९ ला भाजप सोडून आलेल्या गोपीचंद पडळकरांनी सांगलीत वंचिततर्फे ३ लाखांवर मते घेतली. बौद्ध आणि धनगर एका ठिकाणी उभे राहू शकतात हे तेव्हा महाराष्ट्राने पाहिले. तो क्षण खरा होता. पण पडळकर त्याच वर्षी विधानसभेच्या तोंडावर भाजपमध्ये परत गेले, बारामतीत अनामत गमावली आणि मे २०२० मध्ये भाजपने त्यांना विधान परिषदेवर घेतले. त्याच यादीत दुसरे नाव होते रणजितसिंह मोहिते पाटलांचे! सांगलीच्या वस्त्यांतून मिळालेल्या त्या ३ लाख मतांची किंमत कोणाच्या पदरात पडली, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

हे दुखणे आजचे नाही. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत सोलापूरच्या द्विसदस्य मतदारसंघातून शेकापचे शंकरराव मोरे आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे पां. ना. राजभोज निवडून आले. त्याच निवडणुकीत खुद्द बाबासाहेब मुंबईत काँग्रेसच्या काजरोळकरांकडून पराभूत झाले. म्हणजे सोलापूरने फेडरेशनला जे दिले ते मुंबई देऊ शकली नाही. पुढे काय झाले? राजभोज काँग्रेसमध्ये गेले. मोरेही काँग्रेसमध्ये गेले. सोलापूरचा मतदार होता तिथेच राहिला.

माढा लोकसभेतील सहापैकी माळशिरस आणि फलटण या दोन विधानसभा जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. तिथे उमेदवार कोण असावा, हे अकलूजच्या आणि फलटणच्या वाड्यांना विचारल्याशिवाय मोठे पक्ष ठरवत नाहीत, हे तालुक्यातले शेंबडे पोरही सांगेल. या वाड्यांपुढे मान न झुकवणारा माणूस घडवायला दहा-दहा वर्षे लागतात. आणि असा माणूस घडत आला की ऐन अर्ज भरण्याच्या दिवशी त्याला सांगितले जाते, थांबा, तिकडून एक मोठे नाव येत आहे. हा कार्यकर्ता पक्ष सोडत नाही, भांडतही नाही. तो पुढच्या वेळी नुसता घरी बसतो.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे. येणाऱ्याने जरूर यावे, पण प्रवेश आणि उमेदवारी यांत किमान दोन वर्षांचे अंतर असावे. आणि तिकीट मागण्याआधी त्याने एखाद्या गावच्या समाजमंदिरात, आपल्या माणसांसमोर खाली बसून उत्तर द्यावे: तुम्ही सत्तेच्या पक्षात होता तेव्हा आमच्या गायरानाच्या प्रश्नावर कोणत्या बाजूला उभे होता?