पिल्लाला धाक कशासाठी?

सोसायटीच्या बागेत तीन महिन्यांचं पिल्लू घेऊन उतरा आणि ‘हे फार चावतं हो’ एवढंच म्हणा. बाकांवरून गुरू उठून येतील. एक सांगेल, जबडा घट्ट दाबून धरा. दुसरा म्हणेल, पेपरची गुंडाळी करून नाकावर द्या एक. शू केली तर त्यात नाक घासा, खाताना गुरगुरलं तर ताटली उचला, उताणं पाडून मान दाबून धरा, म्हणजे घरात मालक कोण ते कळेल. आणि शेवटी ठरलेलं वाक्य: ‘आत्ताच धाक बसला नाही, तर डोक्यावर चढून बसेल.’

या सगळ्या उपदेशाखाली एकच समजूत आहे, की पिल्लू घरावर सत्ता गाजवायला बघतंय. ती समजूत आधी तपासू. तिचं मूळ लांडग्यांच्या अभ्यासात आहे. 1947 साली रुडॉल्फ शेंकेल या स्विस अभ्यासकाने प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांच्या झटापटींचं वर्णन केलं. अमेरिकेचे लांडगा-अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या 1970च्या पुस्तकातून कळपातल्या ‘अल्फा’ची, म्हणजे लढून गादी मिळवणाऱ्या म्होरक्याची, कल्पना जगभर गेली. पुढे याच मेक यांनी कॅनडाच्या एल्समिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांच्या सोबत कित्येक उन्हाळे काढले आणि 1999 साली लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पोरं. तिथे गादीसाठी मारामारी चालत नाही. आपलं जुनं पुस्तक छापणं थांबवा, अशी विनंतीही त्यांनी प्रकाशकाला केली. ज्याने कल्पना पसरवली त्यानेच ती मागे घेतली, पण आमच्या बागेतल्या बाकांपर्यंत तो निरोप अजून पोचलेला नाही. शिवाय कुत्रा म्हणजे लांडगा नव्हे, हे वेगळंच.

मग पिल्लू चावतं का? कारण त्याला हात नाहीत आणि दात शिवशिवतात. 28 दुधाचे दात चौथ्या महिन्याच्या आसपास पडू लागतात आणि सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत 42 पक्के दात येतात. त्या काळात चपला, सोफ्याचा कोपरा, सलवारीची कड, सगळं तोंडात जाणारच. दुसरं कारण झोपेचं. या वयात दिवसाचे अठरा-वीस तास झोप लागते आणि माणसांनी गजबजलेल्या घरात ती मिळत नाही. संध्याकाळी साडेसातचा देखावा पाहा. पाहुणे आलेले, टीव्ही चालू, पिल्लू दुपारपासून जागं. एकदम ते कान मागे टाकून सुसाट सुटतं, हॉलला तीन फेऱ्या मारतं आणि मुलीच्या पायजम्याला लटकतं. मुलगी किंचाळत पळते. पिल्लाच्या दृष्टीने खेळ आता खरा रंगला. आजोबा काठी आपटतात, पिल्लू काठीवर झेपावतं. ‘बघा, उलटतंय!’ उलटत वगैरे काही नाही, ते पेंगुळलंय.

‘पण आमच्या वाड्यातला मोती दोन फटक्यांत शहाणा झाला होता’ हा आक्षेप मात्र विचार करण्याजोगा आहे. मोती वाड्यात जन्मला, महिनोन्महिने आई आणि भावंडांत वाढला. जोरात चावलं की भावंड केकाटतं, खेळ सोडून जातं. जबडा किती आवळायचा हे तो त्यांच्याकडून शिकला होता. दिवसभर त्याला अंगण मोकळं होतं, शू कुठे करायची हा प्रश्नच नव्हता. आजचं पिल्लू पाचव्या आठवड्यातच आईपासून तोडून विकलं जातं. 2017च्या श्वानप्रजनन आणि विक्रीच्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, पण घेणारा वय विचारतो कुठे? तेच पिल्लू मग सातव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत कोंडलं जातं. मोतीचं शहाणपण वाड्याने दिलेलं होतं, श्रेय फटके घेऊन गेले.

फटक्याने काहीच होत नाही असं मी म्हणत नाही. होतं, आणि तेच घातक आहे. गुरगुरणं ही कुत्र्याची सूचना असते: थांब, मला भीती वाटते. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेलं पिल्लू गुरगुरणं सोडतं, भीती सोडत नाही. वर्षभराने ते ‘काही कारण नसताना’ चावतं आणि घरच्यांना धक्का बसतो. 2020 साली पोर्तुगालमध्ये 92 पाळीव कुत्र्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. झटके-दरडावणीने शिकवणाऱ्या वर्गांतल्या कुत्र्यांत ताणाची लक्षणं जास्त दिसली, लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरकही जास्त वाढलेलं आढळलं.

‘त्याला चूक कळते हो, तोंड बघा कसं पाडतं!’ हेही रोज ऐकू येतं. श्वानवर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 साली हे तपासलं. कुत्र्याने खरोखर आगळीक केली होती की नाही याच्याशी त्या चेहऱ्याचा संबंध नव्हता; मालक रागावला की तो चेहरा यायचा. गालिच्यावर शू करून तासभर झाल्यावर त्यात नाक घासलंत, तर पिल्लू एवढंच शिकतं की तुमच्यासमोर शू करणं धोक्याचं. मग ते सोफ्यामागे जातं.

आता दुसऱ्या बाजूलाही सोडता येत नाही. ‘लहान आहे, चालायचंच’ म्हणून सगळं खपवून घेणारे लाडोबांचे पालक धाकवाल्यांइतकंच नुकसान करतात. आज अंगावर उड्या मारल्या की हसायचं आणि तीस किलोचा लॅब्रेडोर आजींना पाडतो तेव्हा ओरडायचं, हा अन्याय आहे. शिस्त हवीच. फक्त ती मारण्यात नसते, वेळापत्रकात असते.

झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर पिल्लाला उचलून ठरल्या जागी न्या. काम झालं की लगेच, दोन सेकंदांत, शाबासकी आणि खाऊचा तुकडा. घरात येऊन बरणी उघडेपर्यंत ते कशाबद्दल मिळालं हे हरवलेलं असतं. दात लागले की आरडाओरडा न करता खेळ थांबवा, हात काढून घ्या, चावायला त्याचं खेळणं द्या. तरी आवरत नसेल तर अंधाऱ्या शांत कोपऱ्यात झोपवा. घरातल्या सगळ्यांनी हेच करायचं. एकाने थांबवायचं आणि काकांनी हात चावू द्यायचा, असं चाललं तर पिल्लाचा दोष नाही. (दाताने रक्त आलं तर पंधरा मिनिटं साबण-पाण्याने धुऊन डॉक्टर गाठा. रेबीजच्या बाबतीत ‘पिल्लूच तर आहे’ चालत नाही.) ताटलीवर गुरगुरत असेल तर ताटली उचलू नका. लांबूनच उकडलेल्या चिकनचा तुकडा तिच्यात टाका आणि निघून जा. काही दिवसांत तुमची पावलं ऐकून शेपूट हलू लागेल.

‘ही तर लाच झाली!’ लाच कामाआधी दाखवतात, मेहनताना कामानंतर देतात. आणि मोबदला खाण्याचाच हवा असंही नाही. कोलकात्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेतल्या अभ्यासकांना 2017 साली दिसलं, की अनोळखी माणूस पुन्हा पुन्हा भेटत राहिला तर रस्त्यावरच्या कुत्र्यांचा विश्वास खाण्यापेक्षा कुरवाळण्याने जास्त जिंकता येतो.

सगळ्यात मोलाचा काळ तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्याचा. या दिवसांत जे भेटतं ते पिल्लाला आपलं वाटतं, जे भेटत नाही त्याची पुढे धास्ती बसते. पार्व्हो या जीवघेण्या संसर्गाच्या भीतीने आपण नेमकं तेव्हाच त्याला कोंडतो. लसी पूर्ण होईपर्यंत मोकाट कुत्र्यांच्या वाटेवर खाली सोडू नका, हे बरोबर. पण कडेवर घेऊन लिफ्ट, रिक्षा, हेल्मेटवाला डिलिव्हरी बॉय, वॉचमनची काठी, कुकरची शिट्टी हे सगळं दाखवायला कुणाची आडकाठी आहे?

इतकं करूनही पिल्लू सतत थरथरत असेल किंवा हात लावताच चवताळत असेल, तर आधी पशुवैद्याकडे जा. कान दुखणं, पोट दुखणं अशी कारणं निघतात. आणि ट्रेनर ठेवायचा झाला तर फी विचारण्याआधी एक प्रश्न विचारा: ‘पिल्लू चुकलं तर तुम्ही काय करता?’ उत्तरात गळा आवळणारी चोक चेन निघाली, तर चहा पाजून त्याला परत पाठवा.