सट्ट्याचें देणें

जळगांवाहून निघालें कीं थोड्याच वेळांत असोदा हें गांव लागतें. बहिणाबाई चौधरी यांचें हें माहेर. इकडचा शेतकरी कापूस पिकवितो, केळी पिकवितो, आणि भरिताच्या वांग्यांसाठीं असोद्याचें नांव साऱ्या खानदेशांत घेतलें जातें. अशा गांवांच्या पारांवरही आज क्रिकेटचा सामना नुसता पाहिला जात नाहीं. पुढच्या षटकांत किती धावा होतील यावर मोबाईलमधून पैसा लागतो, आणि लावणारे बहुतेक पुरुष, त्यांतही नुकते कमावूं लागलेले.

खानदेशाला सट्टा नवा नाहीं. ज्या कापसावर या प्रांताचें पोट चालतें, त्याच कापसाच्या न्यूयॉर्कहून तारेनें येणाऱ्या भावांवर मुंबईंत पैजा लागत. १९६१ सालीं ते आंकडे येईनासे झाले, तेव्हां मडक्यांतून चिठ्ठ्या काढून मटका चालूं झाला. तथापि मटक्याला उघडण्याची व बंद होण्याची वेळ होती. मधल्या अवकाशांत मनुष्य भानावर येण्याचा संभव तरी होता. ॲपाला रात्र नाहीं कीं दिवस नाहीं.

ता. २२ ऑगस्ट २०२५ रोजीं राष्ट्रपतींची संमति मिळालेल्या कायद्यांत पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी सांगितली आहे. चालविणारास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणारास दोन वर्षांपर्यंत कैद व ५० लाखांपर्यंत दंड. खेळणारास मात्र शिक्षा नाहीं. हें शहाणपण इतक्या उशिरां कां सुचलें, हें विचारल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. १ ऑक्टोबर २०२३ पासून याच खेळांत भरल्या जाणाऱ्या पूर्ण रकमेवर २८ टक्के कर घेतला जात होता, आणि याच धंद्यांतील एका कंपनीचें नांव राष्ट्रीय संघ छातीवर मिरवीत होता. असो.

दुकानें बंद झालीं, परंतु दुकानदार गेले नाहींत. बुकी आतां 'आयडी' देतो, आणि वर उधारही देतो. सामने संपतात, आणि चार दिवसांनीं दारांत दोन माणसें उभीं राहतात. बापास पहिला विचार सुचतो तो अब्रूचा. भाव पडलेला असतां कापूस मोडला जातो, घरच्या बाईच्या पाटल्या सराफाकडे जातात, तेंही न पुरलें तर शेताचा तुकडा. सारें गुपचूप.

या बापांना आमचें एवढेंच विचारणें आहे कीं, हें देणें कोणत्या वहींत लिहिलेलें आहे? १८७२ च्या करार कायद्याच्या ३० व्या कलमाप्रमाणें पैजेचा करार निरर्थक आहे; जिंकलेल्या पैशाबद्दल दावा चालत नाहीं. मुंबई इलाख्यानें तर त्यापूर्वींच, १८६५ सालीं, पैजेस जाणूनबुजून साह्य करणारे करार व तिच्यासाठीं दिलेलें तारण हींही निरर्थक ठरविलीं होतीं. बाजार शब्दावर चालतो, दिलेला शब्द पाळलाच पाहिजे, असें आमचे व्यापारी वाचक म्हणतील. त्यांचें म्हणणें आम्हांस मान्य आहे. परंतु तो शब्द मालाच्या मोबदल्यांत दिलेला असतो. जेथें माल नाहीं, वजन नाहीं, पावती नाहीं, तेथें बाजाराची रीत लावणें हा बाजाराचाच अपमान होय. बँकेचें, नातलगांचें, किराणा दुकानाचें देणें ही गोष्ट निराळी. तें फेडलेंच पाहिजे. मात्र मुलानें स्वतःच्या कमाईंतून, हप्त्यांनीं.

बाप पैसे देतो तो निव्वळ अब्रूसाठीं देतो असेंही नाहीं. मुलगा जिवाचें बरेंवाईट करील, ही धास्ती त्याच्या मनांत असते, आणि ती खोटी नाहीं. पण गुपचूप फेडलेलें कर्ज म्हणजे पुढच्या डावाचें भांडवल. गेलेला पैसा परत मिळविण्यासाठीं पुन्हां खेळणें हेंच तर या रोगाचें लक्षण. आम्ही रोग हा शब्द सहज वापरीत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून अमलांत आलेल्या रोगवर्गीकरणांत जुगाराच्या विकाराची नोंद आहे. म्हणून रागाचा शब्द न काढतां मुलास जवळ बसवावें, खातें व मोबाईल त्याच्या संमतीनें घरच्यांनीं ताब्यांत घ्यावा, आणि जळगांव किंवा धुळें येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत न्यावें. तितका धीर नसेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा दूरध्वनि आहे. तेथें पैसे पडत नाहींत.

राहिलीं दारांतलीं माणसें. त्यांना बसवावें, पाणी द्यावें, आणि देणें कोणत्या कागदावर आहे तें विचारावें. आवाज चढलाच तर नांवगांव लिहून घेऊन पोलिसठाण्यांत जावें. धमकी देऊन पैसे काढणें हा गुन्हा आहे. एकट्यानें जाऊं नये, दोन शेजारी बरोबर घ्यावेत. शेजाऱ्यांना तें बहुधा आधींच ठाऊक असतें.