रायगडावरचा धूमकेतू आणि सभासदाची साक्ष

छत्रपती शिवाजी महाराजांच्या निधनाचे वर्णन करताना कृष्णाजी अनंत सभासद सांगतो की त्या दिवशी भूकंप झाला, आकाशात धूमकेतू उगवला, उल्कापात झाला. चैत्री पौर्णिमा जवळ आली की हा उतारा समाजमाध्यमांवर फिरू लागतो आणि दोन तट पडतात. एकाच्या मते साक्षात सृष्टी हळहळली. दुसऱ्याच्या मते बखरी म्हणजे भाकडकथा. मला दोन्ही निवाडे घाईचे वाटतात.

मित्रहो, आधी तारखा पाहू. निधनाची 3 एप्रिल 1680 ही तारीख जुन्या ज्युलियन गणनेची. आजच्या गणनेने ती 13 एप्रिल येते. त्या वर्षीचा महाधूमकेतू गॉटफ्रीड किर्श याने जर्मनीतील कोबुर्ग येथे, आजच्या गणनेने 14 नोव्हेंबरला पाहिला. दुर्बिणीतून शोधला गेलेला तो पहिला धूमकेतू. अंतर पडले सात महिन्यांचे! डिसेंबरात सूर्याला जवळजवळ खेटून तो परतला, तेव्हा त्याच्या शेपटीने सायंकाळच्या आकाशाचा मोठा भाग व्यापला होता. न्यूटनने ‘प्रिन्सिपिया’त त्याचीच कक्षा मांडली. इकडे जानेवारी 1681 मध्ये रायगडावर संभाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. पावसाळा सरून कोकणचे आकाश निवळले होते. महाड-पोलादपूरच्या खोऱ्यातील लोकांना तो दिसलाच नसेल, हे मला पटत नाही.

सभासदाने बखर लिहिली ती सुमारे दीड दशकाने, दूर जिंजीत. धूमकेतू खरा, पण स्मृतीत तो सात महिने मागे सरकून महाराजांच्या निधनाला चिकटला, असे माझे मत आहे. राजाच्या मृत्यूला उत्पात जोडण्याचा जुना संकेत होताच. त्या संकेताला या वेळी खरा धूमकेतू सापडला.

आता एक प्रश्न वारंवार येतो: धूमकेतूची धूळ पृथ्वीवर पडते, तर रायगडावर त्याचा पुरावा शोधता येईल का? अंतराळातील धूळ पृथ्वीवर अखंड पडत असते. ‘चॅलेंजर’ जहाजाच्या 1872–76 च्या सफरीत खोल समुद्रातून काढलेल्या गाळातून जॉन मरे यांनी लोहचुंबकाने वैश्विक गोलिका वेगळ्या केल्या. आपल्याकडे हेच काम गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत झाले. एम. श्याम प्रसाद, एन. जी. रुद्रस्वामी आदींनी हिंदी महासागराच्या तळच्या गाळातून असे सूक्ष्म कण वेचून अभ्यासले. (गोव्यात जाऊन हे काम न विचारता परतणारे इतिहासप्रेमी पाहिले की वाईट वाटते.) समुद्रतळच का? तेथे हजार वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर गाळ साचतो, त्यामुळे अवकाशातील कण फारसे पातळ होत नाहीत.

महाड-पोलादपुरात नेमके उलटे आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस सारे धुऊन सावित्रीत नेतो. शिवाय येथला कातळ बेसाल्टचा, त्यात मॅग्नेटाइट मुबलक. चुंबक फिरवला की काळी वाळू भसाभस चिकटते. त्यात औद्योगिक वसाहतीतील भट्ट्यांचे आणि वेल्डिंगचे गोल कण. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली रचना आणि रासायनिक घटक तपासल्याखेरीज एकही कण अवकाशातला म्हणू नये. आणि तो तसा ठरला, तरी 1680 च्या धूमकेतूचा आहे हे कोणीही सांगू शकणार नाही. गडावरची माती दाखवून असा दावा करणारी चित्रफीत कोणी पाठवली, तर पुढे ढकलू नका.

कोणत्या धूमकेतूची धूळ हे खात्रीने सांगायचे, तर ती त्याच्याजवळ जाऊनच आणावी लागते. ‘स्टारडस्ट’ यानाने 2 जानेवारी 2004 रोजी ‘वाइल्ड 2’ धूमकेतूजवळून सेकंदाला सुमारे 6 किलोमीटर वेगाने जाताना एरोजेल या अतिशय हलक्या पदार्थात कण झेलले. ते 15 जानेवारी 2006 रोजी पृथ्वीवर पोहोचले. त्या गोठलेल्या पिंडात सूर्याजवळच्या प्रखर उष्णतेत घडलेली खनिजे निघाली. आत शिरताना कणांचा बराच भाग वितळला होता, तरी अभ्यासकांनी ते टाकून दिले नाहीत. काय मूळचे आणि काय नंतरचे, हे वेगळे केले.

सभासदाच्या वाक्याचेही तसेच करावे. भूकंप, उल्कापात आणि धूमकेतू या तीन दाव्यांची एकत्र गाठ मारू नये. धूमकेतूपुरते काम हाताशी आहे: मुंबई-सुरतच्या इंग्रज वखारींची पत्रे आणि गोव्याची पोर्तुगीज दप्तरे नोव्हेंबर 1680 ते मार्च 1681 या काळासाठी चाळावीत, आणि प्रत्येक तारखेपुढे ती कोणत्या गणनेची आहे ते लिहावे.